नॉर्वेची माणसं आपल्याला आपलं मानतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भारतात आले की लग्नकार्यात, जेवायच्या पंगतीत हा प्रश्न येतोच. ‘हो’ म्हटलं तर तुमचा विश्वास बसत नाही. ‘नाही’ म्हटलं, तर ‘मग राहता कशाला?’

थंडी, तेल, पगार सोडूया. इथली माणसं अनोळख्याशी बोलत नाहीत, न कळवता कुणाकडे जात नाहीत, हे खरं. पण गोऱ्या शेजाऱ्याशीही तशीच वागतात, मग त्याला तिरस्कार कसा म्हणू? तीच माणसं वसंतात सोसायटीचं आवार झाडायला जमतात. १८१४ची राज्यघटना झाली त्या १७ मेला ओस्लोत शाळकरी मुलांची मिरवणूक राजवाड्यापुढून जाते. माझी मुलगी झेंडा घेऊन तीत चालली आहे. एवढं मी नेहमी सांगते. पुढचं टाळते.

२२ जुलै २०११, शुक्रवार. दुपारी ओस्लोत सरकारी कचेऱ्यांपाशी बॉम्ब फुटला. संध्याकाळी मी मुलीचा हात धरून बसथांब्यावर उभी होते. एक माणूस आमच्या तोंडांकडे बघून म्हणाला, “झालं समाधान तुमचं?” थांब्यावर आणखी चार-पाच जण होते. त्याला कुणी हटकलं नाही. मुलीनं विचारलं, “आई, आपण काय केलं?” मी तिला जवळ ओढलं आणि बसची पाटी वाचत राहिले.

रात्री कळलं, बॉम्ब ठेवणारा इथलाच, गोरा. नंतर पोलिसाच्या वेशात उतओया बेटावर जाऊन मजूर पक्षाच्या तरुणांच्या शिबिरावर गोळ्या झाडणाराही तोच. एकूण ७७ जीव गेले, त्यांतले ६९ बेटावरचे. त्याचा राग मुस्लिमांवर आणि त्यांना थारा देणाऱ्यांवर. ‘आपल्यातला नाही’ हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. पोरं मेलेली असताना. ते अजून बोचतं.

सोमवारी ओस्लोचे रस्ते गुलाब घेतलेल्या माणसांनी भरले. पंतप्रधान येन्स स्टोल्टनबर्ग यांनी सुडाची भाषा केली नाही, आणखी लोकशाही, आणखी मोकळेपणा मागितला. पुढे न्यायालयानं त्या माणसाला २१ वर्षांची, गरज पडल्यास वाढवता येणारी कैद दिली. कित्येक वर्षं मी तुम्हाला हे गुलाबच सांगत आले. ते खरेच होते. पण थांब्यावरचे ते गप्प लोकही त्या गर्दीत असतील. २००१मध्ये ओस्लोच्या होल्मलिया भागात पंधरा वर्षांच्या बेंजामिन हेरमान्सेनला नवनाझींनी त्याच्या रंगापायी भोसकून मारलं, तेव्हाही मोठा मोर्चा निघाला होता. तरी २०११ घडलं. २०१९मध्ये ओस्लोजवळच्या बेरुमच्या मशिदीत पुन्हा एकजण बंदूक घेऊन शिरला.

२०२०पासून नॉर्वे दुहेरी नागरिकत्व देतो, भारत देत नाही. मुलीनं नॉर्वेचं घेतलं. मी अजून नाही. विचारलं की गावच्या जमिनीचं कारण सांगते, आणि ते खोटंही नाही. त्या थांब्याचा त्यात किती वाटा आहे, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.