फाइल डिलीट केली, तरी मॉडेल व्ह्यूअरमध्ये दिसतंच आहे

ऑटोडेस्क प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस, म्हणजे २०२२ पर्यंत जिला फोर्ज म्हणायचे ती डिझाइन मॉडेल्स ठेवायची आणि ब्राउझरमधल्या व्ह्यूअरमध्ये दाखवायची सेवा. तिच्या एपीआयमधून (प्रोग्रामने पाठवायच्या विनंत्यांमधून) मॉडेल कायमचं काढायचं तर आधी ते ठेवलंय कुठे हे बघावं लागतं. आपल्या ॲपने स्वतःच्या बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणीच्या कप्प्यात) टाकलेली आरव्हीटी (रेव्हिट मॉडेलची) फाइल आणि ऑटोडेस्कच्याच कन्स्ट्रक्शन क्लाउडच्या डॉक्समधली (प्रोजेक्टच्या फाइल्स ठेवायच्या जागेतली) फाइल यांचं डिलीट एकसारखं नाही.

आधी स्वतःची बकेट. इथे एक मॉडेल दोन जागी असतं. मूळ फाइल बकेटमध्ये ऑब्जेक्ट म्हणून, आणि व्ह्यूअरसाठी तिचं भाषांतर करून तयार झालेले डेरिव्हेटिव्ह वेगळे. त्यांची यादी मॅनिफेस्टमध्ये. ऑब्जेक्ट उडवला तरी मॅनिफेस्ट शाबूत राहतो, आणि ज्याच्याकडे यूआरएन (मॉडेलची ओळख-खूण) आणि चालू टोकन (प्रवेशाची तात्पुरती किल्ली) आहे त्याला मॉडेल आरामात उघडता येतं. ट्रान्झियंट प्रकारच्या बकेटमधली फाइल २४ तासांनी आणि टेम्पररीमधली ३० दिवसांनी आपोआप जाते, पण तिथेही डेरिव्हेटिव्ह मागे उरतात. ‘बकेट ट्रान्झियंट आहे, आपोआप साफ होईल’ असं क्लायंटला सांगू नका.

म्हणून आधी मॅनिफेस्ट, मग ऑब्जेक्ट. मॅनिफेस्टसाठी लागणारा यूआरएन ऑब्जेक्टच्या आयडीवरून बनतो. ऑब्जेक्ट आधी घालवला आणि आयडी कुठे नोंदवलेला नसला, तर मॅनिफेस्ट शोधणार कशावरून? आयडी बेस-६४ मध्ये, तोही यूआरएलला चालेल असा करायचा: अधिक चिन्हाच्या जागी वजा, तिरक्या रेघेच्या जागी अंडरस्कोर, शेवटची बरोबरची चिन्हं काढून टाकलेली. मग त्या यूआरएनच्या मॅनिफेस्टवर डिलीट विनंती. यात मूळ फाइलला धक्का लागत नाही. त्यानंतर बकेट की आणि ऑब्जेक्ट की (म्हणजे त्यांची नावं) देऊन ऑब्जेक्टवर दुसरी डिलीट विनंती. हिला परतीची वाट नाही, रिसायकल बिन वगैरे काही नसतं. टोकनला डेटा:राइट स्कोप (परवानगी) हवा. अख्खी बकेट काढायची तर बकेट:डिलीट.

ऑब्जेक्ट कीमध्ये स्पेस, तिरकी रेघ किंवा ‘टॉवर-अ पाया’ असं देवनागरी नाव असेल, तर ती यूटीएफ-८ मधून टक्केवारीच्या चिन्हांत एन्कोड करूनच पाठवा. नाहीतर ४०४ (‘सापडलं नाही’) येतो. ४०४ म्हणजे ‘आधीच डिलीट झालंय’ असं धरून पुढे जाणारी स्क्रिप्ट सगळ्यात धोकादायक, कारण ऑब्जेक्ट की चुकली, यूआरएन चुकला किंवा मॉडेल युरोपच्या रीजनमध्ये असताना विनंती अमेरिकेच्या पत्त्यावर गेली, तरी उत्तर ४०४ च येऊ शकतं. त्यामुळे डिलीटच्या आधी त्याच पत्त्यावर गेट (वाचण्याची विनंती) करून २०० (‘ठीक आहे’) मिळतोय का पाहा, नंतर पुन्हा गेट करून ४०४ मिळतोय का पाहा. दोन्ही उत्तरं लॉगमध्ये ठेवा. व्ह्यूअर उघडून केलेली खात्री धरू नका, ब्राउझरची कॅश फसवते.

अर्धवट साफसफाईचं नेहमीचं कारण मात्र साधं आहे: ऑब्जेक्टची यादी मागितली की एका वेळी १० च येतात. मर्यादा १०० पर्यंत वाढवता येते, पुढचं पान ‘नेक्स्ट’मधून घ्यावं लागतं. आधी पूर्ण यादी फाइलमध्ये उतरवा, प्रोजेक्टवाल्याकडून ती तपासून घ्या, मग डिलीट चालवा. ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’) आला तर रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये सांगितलेले सेकंद थांबा.

आता डॉक्स. इथे फाइलला डिलीट विनंती नाहीच. व्हर्जन्सवर पोस्ट (नवं काही बनवण्याची विनंती) करून त्या आयटमचं नवं व्हर्जन बनवायचं, विनंतीतल्या एक्स्टेन्शन या भागात प्रकार ‘व्हर्जन्स:ऑटोडेस्क.कोअर:डिलीटेड’. उत्तर २०१, म्हणजे ‘तयार झालं’! डिलीट करून असं उत्तर मिळाल्यावर नवखा माणूस गोंधळणारच. फोल्डरचं तर पॅचने (बदलाच्या विनंतीने) ‘हिडन’ ट्रू करायचं, बस. दोन्हीत वस्तू यादीतून दिसेनाशी होते, जुनी व्हर्जन्स तशीच राहतात आणि परत आणता येतात. मागची मूळ फाइल ऑटोडेस्कच्याच बकेटमध्ये असल्यामुळे आपल्या टोकनने ती थेट काढता येत नाही. करारात ‘डेटा कायमचा नष्ट करू’ असं कलम असेल, तर ही विनंती त्याचा पुरावा होत नाही. ते काम अकाउंट ॲडमिन आणि ऑटोडेस्क यांच्या पातळीवरच सोडवावं लागतं.

डॉक्समध्ये ४०३ (‘परवानगी नाही’) आला तर आधी कस्टम इंटिग्रेशन तपासा: अकाउंट ॲडमिनने ॲपचा क्लायंट आयडी जोडलेला नसेल तर स्कोप बरोबर असूनही दार उघडत नाही. युजरच्या टोकनने जात असाल तर त्या फोल्डरवर त्याची परवानगी किती, तेही बघा. आणि प्रोजेक्ट आयडीच्या आधी ‘बी’ आणि टिंब आहे ना?

चाचणीची बकेट अख्खी काढल्यावर तिचं नाव लगेच पुन्हा वापरता येत नाही, आणि बकेट मोठी असेल तर डिलीट व्हायला बराच वेळ लागतो. टेस्ट स्क्रिप्टमध्ये बकेटच्या नावाला तारीख-वेळ जोडून ठेवा.