संतती नियमनात पुरुषाचा वाटा

आमच्या दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर आम्ही दोघे सल्ल्यासाठी गेलो, तेव्हा गोळ्या, इंजेक्शन, तांबी, स्त्री नसबंदी असे जे जे सांगितले गेले ते सर्व माझ्या पत्नीसाठी होते. मी शेजारीच बसलो होतो, परंतु माझ्यासाठी काय उपाय आहे हे मीही विचारले नाही, याची खंत मला आजही आहे. दोन बाळंतपणे जिने सोसली, तिनेच पुढची जबाबदारीही घ्यावी, हे मी मनातल्या मनात गृहीत धरले होते.

पुरुषांसाठी गोळी का नाही, हा पहिला प्रश्न मला पडला. स्त्रीच्या शरीरात साधारणपणे महिन्याला एक बीज परिपक्व होते, तर पुरुषाच्या शरीरात दर सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्राणू तयार होतात आणि ही निर्मिती सतत रोखून धरणे कठीण असते. हार्मोनच्या इंजेक्शनांनी ते साधते, हे ३२० पुरुषांवरील एका चाचणीत दिसले होते. मात्र मनःस्थितीतील बदल आणि इतर दुष्परिणामांमुळे २०११ मध्ये ती मुदतीआधीच थांबवण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भाग घेतलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पुरुषांनी हा उपाय पुढेही वापरण्याची तयारी दाखवली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खांद्यांवर रोज चोळण्याचे हार्मोनयुक्त जेल आणि हार्मोनविरहित गोळी यांवरही संशोधन झाले आहे.

तोवर हाती राहतात ते कंडोम आणि नसबंदी. वीर्यपतनापूर्वी बाजूला होण्यावर अनेक जण विसंबतात, पण त्यावर भिस्त ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे वीस जोडप्यांत वर्षभरात गर्भधारणा होते. कंडोमच्या बाबतीत रोजच्या व्यवहारातील हा आकडा तेराच्या घरात असला, तरी प्रत्येक वेळी आणि नीट वापरल्यास तो दोनपर्यंत खाली येतो. शिवाय लैंगिक संसर्गापासून संरक्षण देणारा पुरुषांच्या हातातील उपाय एवढाच आहे.

नसबंदीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण अखेर मी तीच निवडली आणि तिच्याविषयीचे गैरसमज माझ्याही मनात होते. वृषणांतून शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नलिका त्या जागेपुरती भूल देऊन कापून बंद केल्या जातात; बिनटाक्याच्या पद्धतीत त्यासाठी त्वचेला केवळ लहानसे छिद्र पाडावे लागते आणि अर्ध्या तासाच्या आत काम आटोपते. स्त्री नसबंदीसाठी पोटाच्या आत जावे लागते, हे लक्षात घेतले की दोहोंतला फरक कळतो. वृषणांतील हार्मोन नलिकांतून नव्हे, तर थेट रक्तात मिसळतो, त्यामुळे पुरुषत्व, इच्छा किंवा ताकद कमी होण्याचे कारणच उरत नाही. वीर्यही जवळजवळ पूर्वीइतकेच राहते, कारण त्यात शुक्राणूंचा भाग अगदी थोडा असतो. काही दिवस सूज आणि दुखरेपणा राहतो. थोड्या पुरुषांना वेदना दीर्घकाळ सतावते, हेही आधीच ठाऊक असावे. नलिका पुन्हा जोडता येतात, पण यशाची खात्री नसते, म्हणून हा निर्णय कायमचा समजूनच घ्यावा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीकडे. कापलेल्या जागेच्या पुढे नलिकांत शुक्राणू शिल्लक असतात आणि ते निघून जाण्यास साधारण तीन महिने व वीसेक वेळा वीर्यपतन लागते, त्यामुळे वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे स्पष्ट होईपर्यंत दुसरे साधन सोडता येत नाही. आम्ही तोवर कंडोम वापरत राहिलो. चौदाव्या आठवड्यात अहवाल हाती आला, तेव्हा तो आम्ही दोघांनी मिळून वाचला.