शेंगेन व्हिसा: फाइल तयार होती, तारीख नव्हती

शेंगेन टुरिस्ट व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, म्हटलं की सगळे कागदांची भीती घालतात. स्टेटमेंट किती महिन्यांचं, खात्यात शिल्लक किती, ऑफिसच्या एनओसीवर (ना-हरकत पत्रावर) सही कुणाची. माझ्या अनुभवात कागद चार-पाच संध्याकाळींत जमले. घोडं अडलं ते स्लॉटपाशी, म्हणजे फाइल घेऊन अर्ज केंद्रात हजर राहायची तारीख मिळण्यापाशी. ती तारीख पुढे गेली की तयार फाइलमधला एकेक कागद शिळा होत जातो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून कागदांबद्दल थोडक्यात आणि तारखांबद्दल सविस्तर लिहिते आहे.

नियम असे आहेत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निघायला किमान १५ दिवस उरलेले असावे लागतात. अर्ज दाखल झाला की निर्णयाला १५ दिवस, सुट्ट्या धरून. छाननी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत. शेंगेनच्या व्हिसा कोडमध्ये असंही म्हटलं आहे की अपॉइंटमेंट मागितल्यापासून साधारणपणे दोन आठवड्यांत मिळावी. या वाक्यावर विसंबून मी उशिरा सुरुवात केली. उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत ते दोन आठवडे कागदावरच राहतात. १० मेला निघायचं असेल तर १० नोव्हेंबरपासून दार उघडं आहे. ४५ दिवसांची वाईटात वाईट शक्यता धरली तर मार्चच्या मध्यापर्यंत फाइल जमा झालेली हवी. त्यासाठी स्लॉटचा शोध डिसेंबरातच सुरू करा, फाइल अर्धी असली तरी चालेल.

स्लॉट का नसतात ते समजून घेतलं तर निदान चुकीच्या ठिकाणी शक्ती खर्च होत नाही. दिवसाला किती अर्ज घ्यायचे हे वकिलात ठरवते. अर्ज केंद्र ही नेमलेली खासगी कंपनी असते. ती अर्ज गोळा करते, बोटांचे ठसे घेते आणि पासपोर्ट परत देते. व्हिसा देण्या-नाकारण्यात तिचा हात नाही आणि कोटा वाढवण्याचा अधिकारही तिच्याकडे नाही. त्यामुळे हेल्पलाइनवर कितीही विनवण्या केल्या तरी तारीख निघत नाही. पलीकडून ‘पोर्टल पाहत राहा’ एवढंच उत्तर येतं, आणि खरं तर त्यांच्याकडे दुसरं उत्तर नसतंच.

तारखा दोन वाटांनी येतात. एक, नव्या तारखांचा गठ्ठा उघडतो. दोन, कुणीतरी रद्द केलेली तारीख एकेकटी परत येते. अशी एकटी तारीख एकट्या अर्जदाराला मिळते. चौघांच्या कुटुंबाला एकाच दिवशी चार हव्या असतील, तर गठ्ठ्याचीच वाट पाहावी लागते. पोर्टल परवानगी देत असेल तर दोन-दोन जणांचं बुकिंग वेगळ्या वेळांना करा. एकाच दिवशी आलात आणि कव्हर लेटरमध्ये (अर्जासोबतच्या पत्रात) एकमेकांचा उल्लेख केलात की झालं. मुलाचं बुकिंग मात्र आई किंवा वडिलांबरोबरच ठेवा.

सतत रीफ्रेश करू नका. काही पोर्टलं फार वेळा प्रयत्न झाले की खातं किंवा इंटरनेट जोडणी काही तासांसाठी बंद करतात आणि नेमक्या त्याच वेळात तारखा येऊन जातात. दिवसातून ठरावीक सहा-सात वेळा पाहणं पुरतं. पाहताना पासपोर्ट समोर ठेवा. नंबर, मुदत, जन्मतारीख एका फाइलमध्ये तयार ठेवा आणि ओटीपी येणारा फोन हातात असू द्या. कॅप्चा, ओटीपी आणि पैसे भरणं यांत जी मिनिटं जातात तेवढ्यात तारीख दुसऱ्याची होते. पासपोर्टचा एक आकडा चुकला तर अनेक पोर्टलांवर तो दुरुस्त करता येत नाही, बुकिंग रद्द करून पुन्हा रांगेत यावं लागतं. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःच्या नावाच्याच रकान्यात असतं, आणि बँकेत, तिकिटावर ते गळलेलं असतं. अर्जात आणि स्लॉटमध्ये पासपोर्टच प्रमाण.

अर्ज केंद्राच्या प्रीमियम लाउंजचा स्लॉट कधी कधी लवकर मिळतो. त्याला जादा पैसे पडतात. त्यातून बसायला खुर्ची आणि झेरॉक्सची सोय मिळते. निर्णय त्याने लवकर होत नाही आणि अनुकूलही होत नाही. एजंटांचा मुद्दा गंभीर आहे. व्हिसाच्या नियमांत ‘स्लॉटचे पैसे’ नावाचं शुल्कच नाही. तरी हजारो रुपये मागितले जातात आणि त्याबरोबर तुमचा पासपोर्ट, ईमेल, पासवर्डही. खोट्या नावाने धरून ठेवलेली तारीख ऐनवेळी तुमच्या नावावर होत नाही आणि केंद्राच्या दारातून परत यावं लागतं. हे करू नका, कितीही घाई असली तरी.

मुंबईत तारीख नसेल तर पुणे, अहमदाबाद, पणजी, हैदराबाद पाहा. मात्र आधी त्या देशाच्या वकिलातीचा नियम वाचा. काही देश भारतात कुठूनही अर्ज घेतात, काहींना त्या भागातल्या पत्त्याचा पुरावा लागतो.

देश बदलावा का? अर्ज कुठे करायचा ते नियमाने ठरतं: जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे. कुठलाच देश मुख्य ठरत नसेल तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार, त्याच्याकडे. फ्रान्समध्ये ५ रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये ४ असतील तर अर्ज फ्रान्सचा, विमान झुरिचला उतरलं तरी. स्लॉट मिळतो म्हणून भलत्याच देशाची खोटी हॉटेलं दाखवणं हा अंगाशी येणारा उद्योग आहे. माहिती विश्वासार्ह नाही, हे नकाराचं छापील कारणच आहे. प्रामाणिक मार्ग असा: सहलच बदला. जिथे तारीख मिळते त्या देशात खरोखर दोन रात्री वाढवा आणि तसंच जा.

आता शिळ्या होणाऱ्या कागदांबद्दल, कारण माझा सगळा त्रास यातच होता. स्लॉट तीन आठवडे पुढे गेला की काय काय हलतं?

बँक स्टेटमेंट सगळ्यात आधी जुनं होतं. शिक्का आणि सही असलेली प्रत शाखेतून आणायला अर्धा दिवस जातो आणि स्लॉट सरकला की तो वाया जातो. म्हणून ते स्लॉटच्या दोन-तीन दिवस आधीच घ्या. मध्ये महिना बदलला तर नवी सॅलरी स्लिप जोडावी लागते. एप्रिल-मेमध्ये अर्ज करणाऱ्यांनी गोंधळू नये: नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षाचा फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा ऑफिसचा दाखला) साधारण जूनच्या मध्यापर्यंत येतो, त्यामुळे शेवटी भरलेला आयटीआर (प्राप्तिकर विवरणपत्र) आधीच्या वर्षाचाच असणार. कव्हर लेटरमध्ये एका ओळीत तसं लिहून टाका.

हॉटेलचं बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच घेतो आपण. पण रद्द करण्याची शेवटची तारीख निर्णयाच्या आधी येऊन ठेपली तर? स्लॉट सरकला की हेच होतं. त्यामुळे बुकिंग करताना दर पाहण्याआधी ती तारीख पाहा. बुकिंगवर एकाचंच नाव असतं, बाकीच्यांचीही घालून घ्या. विमानाचं आरक्षण पुरतं, पूर्ण पैसे भरलेलं तिकीट अर्जाच्या वेळी घेऊ नका. पण ‘डमी तिकीट’, म्हणजे फक्त दाखवण्यापुरतं आरक्षण, विकणाऱ्यांचे पीएनआर (बुकिंग नंबर) बऱ्याचदा दोन दिवसांत मरतात आणि वकिलात तपासते तेव्हा तिथे काहीच सापडत नाही. पैसे परत मिळणारं तिकीट किंवा विमान कंपनीचं स्वतःचं होल्ड (तिकीट न काढता जागा काही काळ धरून ठेवणं), हे दोनच पर्याय मला भरवशाचे वाटतात.

विमा सगळ्यात शेवटी काढा. किमान ३०,००० युरोचं संरक्षण हवं. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च असायला हवा, आणि पॉलिसी सगळ्या शेंगेन देशांत लागू हवी. आपल्याकडे पॉलिसी डॉलरमध्ये असतात, ५०,००० डॉलरची घेतली की अट पुरी होते.

ऑफिसचं रजेचं पत्र हा सगळ्यात नाजूक कागद, कारण ते दुसऱ्याकडून दुसऱ्यांदा मागावं लागतं. पहिल्याच वेळी सांगून ठेवा की तारखा बदलल्या तर पुन्हा लागेल.

आणि प्रवासाच्याच तारखा बदलल्या तर त्या आठ ठिकाणी बदलाव्या लागतात: फॉर्म, कव्हर लेटर, दिवसवार कार्यक्रम, विमान, हॉटेलं, मधली रेल्वे, विमा, रजेचं पत्र. ही यादी एका कागदावर लिहून फाइलच्या वर ठेवा. इथे एक बारकावा आहे. आठही ठिकाणी तारीख एकच नसते. समजा विमान ९ मेच्या रात्री निघतं, १० तारखेला सकाळी युरोपात उतरतं, २१ ला तिथून निघून २२ ला इथे पोचतं. फॉर्ममध्ये शेंगेनमध्ये शिरण्याची आणि बाहेर पडण्याची तारीख विचारतात, म्हणजे १० आणि २१, मुक्काम १२ दिवस. शिरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. रजा आणि विमा मात्र ९ ते २२. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानात हा घोळ हमखास होतो, पावणेएकचं विमान म्हणजे घरून आदल्या दिवशीच निघायचं.

बाकीचे टप्पे सोपे गेले. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या १० वर्षांत काढलेला, दोन कोरी पानं असलेला हवा. शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ पूर्ण होण्याआधीच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र न्या.

खात्याबद्दल एकच सांगते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोठी रक्कम जमा झाली तर ती डोळ्यांत येते. एफडी मोडली असेल तर मोडल्याची पावती जोडा आणि कव्हर लेटरमध्ये लिहा. कव्हर लेटर एका पानाचं असावं: कोण जाणार, कधी, खर्च कुणाचा, परत कशासाठी यायचं आहे. परत येण्याचा इरादा पटला नाही, या कारणावरून अर्ज फेटाळता येतो, त्यामुळे नोकरी, व्यवसाय, मुलांची शाळा हे साध्या वाक्यांत मांडा. स्थळांची वर्णनं लिहू नका.

काउंटरवर एखादा कागद कमी निघाला तर ‘अपुरा अर्ज देत आहे’ अशा मजकुरावर सही मागतात. सही करण्याआधी विचारा की तो कागद त्याच दिवशी आणून दिला तर चालेल का. मूळ कागद परत घेतल्याची खात्री तिथेच करा.

मग पासपोर्ट त्यांच्याकडे आणि आपण वाट पाहत. ट्रॅकिंगवर ‘वकिलातीकडे पाठवला’ आणि ‘केंद्रात परत आला’ यापलीकडे फारसं कळत नाही, निकाल बंद पाकिटातच असतो. त्या दिवसांत दुसरा परदेश प्रवास ठरवू नका.

व्हिसा आला की स्टिकर लगेच वाचा, उभ्या उभ्या. नाव, पासपोर्ट नंबर, एंट्री किती, मुक्कामाचे दिवस. वरच्या उदाहरणात वैधता १० मे ते ५ जून दिसू शकते, कारण परतीनंतर १५ दिवसांची सवलत जोडतात. पण मुक्काम १२ दिवस लिहिला असेल तर १२ दिवसच राहता येतं, ५ जूनपर्यंत नाही. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. जुने पासपोर्ट आणि जुने व्हिसे जपून ठेवा. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणजे तेवढ्या वेळा स्लॉट शोधायला नको.

फोटोचं राहिलं. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, चेहरा फोटोच्या ७० ते ८० टक्के, सहा महिन्यांच्या आतला. जुन्या व्हिसावरचाच फोटो पुन्हा दिला तर काउंटरवर ओळखतात आणि नवा काढायला लावतात. स्टुडिओत ‘पासपोर्ट साइज’ म्हणू नका, शेंगेनचा म्हणा आणि माप सांगा. चार प्रती घ्या. स्लॉट पुढे गेला तर सहा महिने पुन्हा मोजा.