दोन मिलिमीटरचं काम

आज अख्खा रविवार लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर गेला. प्लाय १८ मिमी, त्याच्या कडेला चिकटवायची सागाच्या व्हिनियरची (पातळ लाकडी पापुद्र्याची, मागे गोंद असलेली) टेप २२ मिमी. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण २ मिमी टेप बाहेर राहते, ती छाटून प्लायच्या बरोबरीला आणायची, आणि सगळा कस तिथेच लागतो.

इस्त्रीने टेप चिकटवली, लाकडी ठोकळ्याने दाबून घासली. पहिल्या कडेला घाई केली. गोंद गरम असतानाच पटाशी लावली. पात्याला गोंद चिकटला, लाकडाचे रेषे आतल्या बाजूला उतरत होते आणि चांगली बोटभर चीर गेली. फार वाईट वाटलं. पुन्हा इस्त्री फिरवून तेवढी टेप काढली, नवीन लावली.

या वेळी टेप पूर्ण गार होऊ दिली. पटाशीची सपाट पाठ प्लायवर टेकवली, पातं तिरकं धरलं आणि जोर न लावता सरकवत नेलं. पातं आत ओढलं जातंय असं वाटलं की थांबायचं, दुसऱ्या टोकाकडून यायचं. नीट जमलं की पेन्सिलीला टोक काढताना निघते तशी लांब सुरळी निघते. मग बारीक कानस, तीही फक्त प्लायच्या दिशेने. बाहेर ओढली की टेप उचलते. शेवटी ठोकळ्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने.

ट्रिमर मशीनने झटपट झालं असतं. पण इतक्या पातळ व्हिनियरला मला पटाशीच आवडते, रेषा कुठे वळतेय ते हाताला कळतं.

संध्याकाळी लेकीने कडेवरून बोट फिरवलं. "बाबा, जोड कुठंय?"