मिकी आला की उठव

रविवार, नोव्हेंबर. रात्रीचे पावणेदहा झालेत. नवरा सोफ्यावरच आडवा, आईंनी गुडघ्यांना तेल चोळून घेतलंय आणि मी गरम पाण्याच्या टबात पाय सोडून हे लिहितेय. फोन म्हणतोय आज १९ हजार पावलं झाली, त्यातली अर्धी तरी पाव-पाव पाऊल पुढे सरकण्यातच गेली असणार.

तर आज शेवटी डिस्नेलँड झालं एकदाचं. टोकियोतल्या निशि-कासाईत राहायला येऊन तीन वर्षं होतील, वाऱ्याची दिशा बरोबर असली की तिथल्या साडेआठच्या फटाक्यांचा आवाज आमच्या गॅलरीत येतो आणि दर वेळी आमची लेक मनू विचारते की आज मिकीचा वाढदिवस आहे का. तरी जाणं होत नव्हतं. घराजवळचं देऊळ आणि घराजवळचं डिस्नेलँड यांची गत सारखीच, पाहुणे आले की मगच पाय वळतात. या वेळी पाहुण्या म्हणजे आई, माझ्या सासूबाई, नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्यात आणि त्यातले दीड महिना घरात बसून कंटाळल्यात.

तारीख ठरवताना एकच पथ्य पाळलं, १८ नोव्हेंबर टाळायचा. १९२८ साली त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये 'स्टीमबोट विली' दाखवला गेला, म्हणून तो मिकीचा वाढदिवस धरतात. २०१८ ला नव्वदावा आला तो नेमका रविवारी, आणि त्याला भेटायची रांग दहा तासांच्या वर गेली होती. दहा तास! ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मला वाटलं ती वैतागून सांगतेय, पण नाही, तिला हळहळ वाटत होती, त्या दिवशी तिला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून.

आम्ही टूनटाउनमध्ये मिकीच्या घरापाशी पोचलो तेव्हा ॲपवर ७५ मिनिटं दाखवत होतं. आम्ही पॉपकॉर्न घ्यायला थांबलो (त्यालाही रांग), परत आलो तर ११०. नवऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी लग्नात हार घालताना पाहिली असती तर विचार केला असता. बाय द वे इथे करी फ्लेवरचे पॉपकॉर्न मिळतात, आणि जपानमध्ये राहून तीन वर्षांत मी एवढी भावुक कशानेच झाले नव्हते. आईंनी एक दाणा चाखला आणि म्हणाल्या, "वास फोडणीचा आणि चव गोड, लबाडी आहे ही." मग अर्धी बादली त्यांनीच संपवली.

मला या रांगेबद्दल खरंच कुतूहल होतं. हे पार्क १५ एप्रिल १९८३ ला सुरू झालं, अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नेलँड, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर, आणि ते चालवते एक जपानी कंपनी, डिस्नेकडून लायसन्स घेऊन. म्हणजे उंदीर अमेरिकेचा पण रांग अस्सल जपानी. कोणी घुसत नाही, कोणी 'जरा पुढे माझे भाऊ आहेत' म्हणत नाही. काही राईड्सना जास्तीचे पैसे भरून रांग टाळायची सोय आहे पण मिकीला नाही, तिथे सगळे उभे. आपल्याकडच्या व्हीआयपी दर्शनवाल्यांना इथे आणून उभं करायला पाहिजे, निदान तासभर तरी.

आमच्या पुढे पंचविशीतली एक मुलगी होती, एकटी. लाल स्कर्ट, काळा टॉप, पिवळे बूट, म्हणजे मिकीच्याच रंगात आलेली. दोन तासांत तिने छोटा आरसा काढून कपाळावरचे केस किमान पाच वेळा सारखे केले. आईंनी मला हळूच विचारलं, हिला बघायला येणार आहेत का कोणी. म्हटलं नाही, हीच मिकीला बघायला आलीय. आई थोडा वेळ गप्प आणि मग, "मोठ्या बायकापण?" मग मी त्यांना शेजारच्या डिस्नेसी पार्कमधल्या डफीची गोष्ट सांगितली. मिकी लांबच्या प्रवासाला निघाला म्हणून मिनीने त्याला सोबतीला एक अस्वल शिवून दिलं, ते डफल बॅगेत घालून दिलं म्हणून त्याचं नाव डफी. फ्लोरिडात २००२ मध्ये नुसतंच डिस्नेचं अस्वल म्हणून आलं तेव्हा कोणी फार विचारलं नाही, २००५ ला इथे त्याला नाव आणि गोष्ट मिळाली आणि लोक वेडे झाले. आता त्याचा अख्खा मित्रपरिवार आहे, त्यातली लिनाबेल नावाची गुलाबी कोल्हीण तर २०२१ ला शांघायमध्ये आली आणि तिच्या मागे तिकडे झुंबड. या बाहुल्यांना लोक स्वेटर विणतात, बाकावर बसवून फोटो काढतात. आईंचं मत पडलं की अस्वल शिवून देणारी मिनी खरी हुशार, तिच्यासाठी रांग आहे का? आहे म्हटलं, २०२० पासून तिचा वेगळा स्टुडिओ आहे तिथे. "मग ठीक आहे."

पन्नासाव्या मिनिटाला मनूला सू लागली. अर्थातच. नवरा रांगेत थांबला, मी तिला घेऊन पळाले, आणि परत येताना पन्नास-साठ माणसांना 'सुमिमासेन सुमिमासेन' (माफ करा, माफ करा) करत वाट काढली. शरमेने मेले. कोणीही वाकडं तोंड केलं नाही, सगळे अंग चोरून बाजूला झाले, त्याने जास्तच लाज वाटली, कोणीतरी एकाने तरी चिडायला हवं होतं यार.

त्यानंतर मनू नवऱ्याच्या खांद्यावर झोपून गेली. झोपताना डोळे मिटलेलेच, म्हणाली, "मिकी आला की उठव." आणि आई एकदम हसल्या. म्हणजे हसल्या, पण वेगळंच हसल्या.

आईंचं माहेर मोखाड्याकडचं. तिकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो हे मला माहीत होतं पण नुसतं नावापुरतं, दहा वर्षांच्या संसारात कधी नीट विचारलं नव्हतं. आज त्या रांगेत, टोकियोमध्ये, त्यांनी सांगितलं. रात्रभर देवांची, राक्षसांची सोंगं निघतात, संबळ आणि पिपाणी वाजत असते, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं, आणि पोरं अंगणात गोधडी टाकून वाट बघत बसतात. कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं ते ठरलेलं. त्यांच्या वडिलांकडे नरसिंह होता. "वर्षभर मुखवटा आमच्या माळ्यावर फडक्यात गुंडाळलेला. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. एकदा लावला होता, आतल्या बाजूने. आत घामाचा वास होता बाबांचा."

मी विचारलं जड असतो का. तर म्हणाल्या लाकडाचा, आणि आधी डोक्याला कपडा गुंडाळायचा आणि वरून मुखवटा आवळायचा, डोळ्यांच्या भोकांतून धड दिसत नाही म्हणून मागून एक जण कमरेला धरून चालतो, बाबांना त्यांचा चुलता धरायचा. मुखवटा चढला की मग माणसाचं नाव घ्यायचं नाही. बायका ताट घेऊन ओवाळतात, पाया पडतात. आजीने, म्हणजे त्यांच्या आईने, स्वतःच्या नवऱ्याला ओवाळलं होतं, आणि सकाळी त्याच नवऱ्यावर ओरडली होती की पाणी भरायला कोण जाणार.

"आणि तुम्ही पाहिलं बाबांना?" तर म्हणाल्या, सहा वर्षांची होते, आईला सांगून झोपले होते नरसिंह आला की उठव. तिला वाटलं पोर दमलीय, झोपू दे. "बाबांचं सोंग माझ्या झोपेत गेलं. पुढच्या वर्षी त्यांचा हात मोडला, मग ते काकाकडे गेलं ते गेलंच."

एवढं सांगून पॉपकॉर्नच्या बादलीत तळाला हात घातला, काही नव्हतं.

मला त्या वेळी काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून मी ॲप बघितलं. बाहेरचा आकडा १२० झाला होता. म्हणजे आमच्या मागे उभे राहणाऱ्यांचं आमच्यापेक्षा वाईट, हा एक नीच आनंद रांगेत मिळतोच.

मग मिकीच्या घरात शिरलो, तिथे त्याचं सामानसुमान मांडलेलं आहे, पुढे एका कोठारासारख्या खोलीत जुन्या कार्टून्सचे तुकडे दाखवतात, तिथे थोडं टेकता येत नाही पण निदान ऊब होती. पुढे वेगवेगळे सेट आहेत, तुमच्या वाट्याला कुठल्या वेषातला मिकी येईल हे तुमच्या हातात नाही. आई म्हणाल्या, "म्हणजे किती मिकी आहेत?" मी म्हटलं, एकच. असंच सांगायचं असतं. त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीपासून माहीत होतं आणि मी बरोबर उत्तर देते का ते बघत होत्या.

दारापाशी आलो तरी मनू गाढ. नवरा म्हणाला, राहू दे, उठवली तर रडारड करेल, झोपलेलीचाच फोटो घेऊ, क्यूट येईल. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं, कारण झोपेतून उठलेली मनू म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. आईंनी कोणाला विचारलं नाही. तिच्या पायातला मोजा काढला आणि तळव्याला गार हात लावला. "मने, ऊठ. आला."

ती उठली. दार उघडलं. आणि समोर तिच्यापेक्षा दुप्पट मोठा, ज्याचं डोकंच तिच्या अख्ख्या धडाएवढं, असा मिकी दोन्ही हात पसरून उभा. दोन तास वाट बघितलेल्या माझ्या लेकीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती सरळ आजीच्या साडीमागे गेली. आम्ही सगळे 'अगं हॅलो कर, अगं बघ तरी' सुरू केलं, मिकी गुडघ्यांवर बसला, तोंडावर पंजे ठेवून लपाछपी केली, काही नाही. त्याला बोलायचं नसतं, सगळं हातवाऱ्यांनीच. आपल्या ग्रुपच्या वाट्याला जो मिनिटभर असतो तो असा चाललेला, शेजारी उभी असलेली कास्टमधली (इथल्या कर्मचाऱ्यांना कास्ट म्हणतात) मुलगी हसतेय, माझा फोन तिच्या हातात, आणि मी मनातल्या मनात ११० मिनिटांचा भागाकार करतेय.

तेव्हा आई पुढे झाल्या. त्यांनी आधी हात जोडले. मिकीनेही जोडले, खाली वाकून. मग आईंनी त्याचा पांढरा हातमोज्यातला पंजा दोन्ही हातांत धरला, जाड कापड, चार बोटं, आणि मग एका हाताने त्याच्या कोपरावर थोपटून म्हणाल्या, "दमला असशील ना रे बाबा."

मराठीत. त्याला काय कळणार. पण तो हलला नाही. सगळी नाचानाच थांबवून दोन-तीन सेकंद तसाच उभा राहिला, मग दुसरा पंजा त्याने आईंच्या हातांवर ठेवला. कास्टमधल्या मुलीने मला विचारलं आजी काय म्हणाल्या. मी सांगितलं, ओत्सुकारेसामा. म्हणजे त्याचा अर्थ तोच ना, ऑफिसातून निघताना एकमेकांना म्हणतो ते. तिने तोंडावर हात ठेवला आणि मला आईंपेक्षा खाली वाकून नमस्कार केला, तो खरं तर मला नव्हता.

फोटो आत्ता बघितला. नवऱ्याचे डोळे मिटलेले, मी कॅमेऱ्याकडे सोडून घड्याळाकडे बघतेय, मधोमध आई आणि मिकी हात धरून, आणि आईंच्या पदराखालून मनूचा एक बूट आणि एक उघडा पाय. मोजा राहिलाच घालायचा. तो आता तिथेच कुठेतरी पडला असणार.

संध्याकाळी सहालाच निघालो, परेडबिरेड सगळं सोडून. मनू बसमध्ये जी झोपली ती घरी आणून तशीच गादीवर टाकली. साडेआठला धाड-धाड आवाज यायला लागले. आई तेल लावत होत्या, म्हणाल्या, उठवू का तिला? मी म्हणणार होते नको, उद्या शाळा आहे, तोवर त्या उठून गेल्या पण होत्या. दुलईसकट उचलून आणली. गॅलरीतून फटाके दिसत नाहीत, मध्ये बिल्डिंग आहे, नुसता आवाज आणि ढगांवर जरा लाल-हिरवं. तेवढं बघून मनूने आजीच्या खांद्यावरूनच विचारलं, "आजी, मिकीच्या आत माणूस होता?"

"आत मिकीच होता."

"मग तू त्याला दमलास का असं का विचारलंस?"

"अगं सकाळपासून उभा होता की तो. मिकी झाला म्हणून काय पाय दुखत नाहीत?"