अरे व्हडी काढ, बुडतलस!

मुलांना अजून अ आ इ येत नाही, मग तुम्ही त्यांना इंग्रजी चित्रपुस्तकं कशी वाचून दाखवता, त्यांना काय कळतं त्यातलं? वेंगुर्ल्याच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मला हे विचारतात. तुम्हीपण विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी इंग्रजी वाचतच नाही. पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं. क्रॉकेट जॉन्सनचं १९५५ सालचं हॅरल्डचं पुस्तक आहे ना, जांभळ्या खडूचं, त्यात एवढंसं पोर रात्री चांदण्यात फिरायला निघतं पण चंद्रच नसतो म्हणून स्वतःच चंद्र काढतं, मग वाट काढतं, मग सफरचंदांची राखण करायला ड्रॅगन काढतं आणि त्यालाच घाबरून मागे मागे सरकतं, पाठीमागे धरलेला खडूचा हात थरथरतो आणि त्या थरथरीच्याच लाटा होतात, आणि पोर समुद्रात! इथे मी गप्प बसते. पान उलटतच नाही.

शेजारचा चार वर्षांचा मुलगा, ज्याच्या घरची पात, म्हणजे मासेमारीची होडी, रोज पाण्यात जाते, तो उभाच राहिला. "अरे व्हडी काढ, बुडतलस!" मला नाही, हॅरल्डला सांगत होता. पान उलटलं तर हॅरल्ड खरंच होडी काढतोय. त्या पोराचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. संध्याकाळी सगळ्या खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, कोळशाने होड्या, एकीला तर जाळंसुद्धा, आणि माझ्या सासूबाई त्या होड्यांवर पाय न देता कडेकडेने गेल्या.

एक चूक मात्र मी केलेली आहे. सुरुवातीला गोष्ट संपली की मी समजावून सांगायचे, हे सगळं त्याच्या मनातलं हां, खरं नाही. मुलं एकदम मऊ पडायची, उठून जायची. आता अजिबात सांगत नाही. त्यांना माहीत असतं, आपल्यापेक्षा जास्त.

मॉरिस सेंडॅकचं १९६३चं राक्षसांचं पुस्तक तर यासाठीच आवडतं मला. मॅक्सला मस्तीबद्दल न जेवता झोपायला पाठवतात, खोलीत रान उगवतं, आणि जसजसं रान वाढतं तसतशी चित्रं मोठी मोठी होत पूर्ण पान व्यापतात. धुडगुसाच्या तीन जोडपानांवर तर एक शब्द नाही. तिथे पोरांनी ओरडायचं, नाचायचं, मी फक्त पुस्तक धरायचं, पावसात पत्र्यावर आवाज असतोच, कोण कुणाला ओरडणार.

शेवटी मॅक्स परत येतो तर जेवण त्याची वाट बघत असतं, अजून गरम. एवढा वेळ गरम कसं राहिलं, मी विचारलं. धाकटी भाची पानावरून नजर न काढता म्हणाली, "आवशीन झाकान ठेवल्यान आसतला."