५८ फ्रेम्सचा चेंडू

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. तो मी अठरा वर्षं शिकवतोय. फळ्यावर टप्पे घेत जाणारा चेंडू काढायचा, बाण दाखवायचे, सूत्र लिहायचं, गणितं सोडवायची. यंदा शाळेत प्रोजेक्टर आला आणि मला हुक्की आली की चेंडू पडताना दाखवायचाच, आणि तोही आपण स्वतः बनवलेला. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात ॲनिमेशनचं काम करतो. मेच्या सुट्टीत त्याला फोन लावला. म्हणाला, "सर, ब्लेंडर नावाचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे. आणि पहिला महिना फक्त चेंडू करा." मला हसू आलं. करायचा तर चेंडूच होता, महिना कशाला?

फुकट म्हटल्यावर मला आधी शंकाच आली होती. पण हे प्रकरण वेगळं निघालं. ब्लेंडर बनवणारी मूळ कंपनी बुडाल्यावर २००२ साली वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी काढली आणि तो सगळ्यांसाठी खुला करून घेतला. आपल्याकडे गणपतीची वर्गणी सात आठवड्यांत जमत नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती उघडेचना, म्हणून जुनी घेतली. उघडल्यावर पडद्यावर मधोमध एक करडा ठोकळा. पहिली संध्याकाळ त्या ठोकळ्याभोवती फिरण्यातच गेली, कारण फिरायला माऊसचं मधलं बटण लागतं आणि लॅपटॉपला ते नसतं. शेवटी दोनशे रुपयांचा माऊस आणला. सेटिंगमध्ये त्याला पर्याय आहे हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ठोकळा पुसून गोळा घेतला. ॲनिमेशनचं मूळ तत्त्व अगदी सोपं वाटलं: पहिल्या फ्रेमवर चेंडू वर ठेवायचा, 'आय' दाबून किल्ली ठोकायची (म्हणजे त्या फ्रेमला चेंडू कुठे आहे याची नोंद), पंधरा-वीस फ्रेम्स पुढे जायचं, चेंडू खाली आणायचा, पुन्हा 'आय'. मधल्या फ्रेम्स यंत्र भरतं. एका सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे २४ चित्रं. फाळक्यांनी आगकाड्या एकेक करून सरकवत चित्रं घेतली होती. इथे तो कंटाळवाणा भाग संगणकाच्या गळ्यात. मी मात्र चेंडू हलवायचो, 'आय' दाबायला विसरायचो, फ्रेम बदलली की चेंडू टुणकन जुन्या जागी. तासभर मला वाटत होतं की सॉफ्टवेअरच बिघडलंय.

अखेर चेंडू पडला. स्पेसबार दाबला, पाहिलं, आणि घरातल्यांना हाक मारली. मुलगी म्हणाली, "बाबा, हा फुगा आहे का?"

खरंच फुगा होता. वरून निघायचा, मध्ये जोर धरायचा आणि जमिनीजवळ येताच हळू होऊन अलगद टेकायचा. मी ती फाइल पुण्याला पाठवली. उत्तर आलं: "सर, गोळ्याचा व्यास बघितला का?" बघितला. दोन मीटर! ब्लेंडरमधला कोणताही गोळा आणला की तो मुळात एवढाच येतो, आणि शेजारी तुलनेला काही नसल्यामुळे मला पत्ताच नाही. आमच्या स्टाफरूमच्या दारातून आत न येणारा चेंडू मी दोन मीटरवरून सोडत होतो. तो २२ सेंटीमीटरवर आणला, स्केल 'अप्लाय' करून ते माप पक्कं केलं. तरी फुगा तो फुगाच. मग विद्यार्थी फोनवर म्हणाला, "सर, किती फ्रेम्समध्ये पडला ते टायमिंग. त्या फ्रेम्समध्ये कुठे कुठे होता ते स्पेसिंग. तुमचं दुसरं चुकतंय. आधी खरा चेंडू बघा."

मला हे थोडं लागलं. अठरा वर्षं शिकवणाऱ्याला 'बघा' म्हणणं! पण बघितलं. अंगणातल्या भिंतीवर खडूने दर वीस सेंटीमीटरला रेघ मारली, मुलीने स्टुलावर चढून दोन मीटरवरून रबरी चेंडू सोडला, मी फोनवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने टिपलं. नंतर एकेक चित्र सरकवत मोजत बसलो. जमिनीपर्यंत दीडशेच्या आसपास चित्रं लागली. सूत्र ०.६४ सेकंद सांगतं, म्हणजे १५३. जुळलं. पण मला गुंगवलं ते वरच्या भागाने. पडायच्या निम्म्या वेळात चेंडू जेमतेम पाव अंतर कापतो. हातातून सुटल्यावरही तो तिथेच रेंगाळतो असं वाटतं, आणि उरलेल्या निम्म्या वेळात तीन चतुर्थांश अंतर भसकन खातो. हे वेळेच्या वर्गाचं गणित मी कितीदा फळ्यावर लिहिलंय. रेंगाळताना पाहिला नव्हता.

टप्पा घेऊन चेंडू साधारण १.२ मीटर उसळला, म्हणजे ०.६ पट. पुढचा टप्पा ०.७२. प्रत्येकाचा वेळ काढून २४ने गुणलं आणि कागदावर फ्रेम्स मांडल्या: १ वर दोन मीटर, १६ वर जमीन, २८ वर १.२ मीटर, ४० वर जमीन, ४९ वर ०.७२ आणि ५८ वर पुन्हा जमीन.

किल्ल्या ठोकल्या. आता फुग्याचं कारण शोधायचं होतं. ते 'ग्राफ एडिटर'मध्ये सापडलं. तिथे चेंडूची उंची वेळेसमोर रेखाटलेली दिसते आणि यंत्र प्रत्येक किल्लीवर रेघ आपली आपण गुळगुळीत वळवतं. वरच्या टोकाला ते बरोबर. जमिनीवर साफ चूक, तिथे टोकदार व्ही हवा. जमिनीवरच्या किल्ल्यांची हँडल्स, म्हणजे रेघेचं वळण ठरवणाऱ्या दांड्या, 'व्हेक्टर' केली. चेंडू आपटू लागला, पण मेल्यासारखा. हे का, याला मला दोन दिवस लागले आणि उत्तर सापडलं तेव्हा रात्री साडेअकराला मी खुर्चीतून उठलो. व्हेक्टर हँडल सरळ मागच्या किल्लीकडे बोट दाखवतं, म्हणजे चेंडू जमिनीवर पोचताना त्याचा वेग सरासरी वेगाइतकाच. खरा पडणारा चेंडू शेवटी सरासरीच्या दुप्पट वेगात असतो! हँडल मोकळं केलं आणि दुप्पट उंच ओढलं. रेघेचा आकार फळ्यावरच्या पॅराबोलासारखा झाला, चेंडू धाडकन आपटला.

हे सगळं विद्यार्थ्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो थोडा थांबला. "सर, टी दाबा, क्वाड्रॅटिक निवडा. पडताना ईझ इन, म्हणजे सुरुवात हळू; चढताना ईझ आउट, म्हणजे शेवट हळू. एका झटक्यात होतं." मी फोन ठेवला आणि चहा टाकला.

मग दबणं. जमिनीवरच्या फ्रेमला उंची ०.७ केली तर बाकी दोन बाजू १.२ कराव्या लागतात, नाहीतर चेंडूतला ऐवज कुठे गेला? (०.७चं वर्गमूळ काढून एकाला भागायचं, बस.) पण दाबला की चेंडू जमिनीपासून वर उचलला जायचा, कारण ओरिजिनचा ठिपका, म्हणजे ज्याच्याभोवती आकार लहान-मोठा होतो तो, मध्यावर होता आणि चेंडू वरून-खालून दोन्हीकडून आत जायचा. ठिपका तळाला नेला तेव्हा जमिनीला चिकटून दबला.

शेवटी फिल्म बाहेर काढायची. तीन सेकंद, ७२ फ्रेम्स, सायकल्स नावाच्या पद्धतीने फ्रेमला दोन मिनिटं. थेट व्हिडिओ फाइल बनवायला लावून जेवायला बसलो. पन्नाशीच्या पुढे लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच वारलेली, त्यामुळे तो बंद आणि फाइल उघडेचना. तेव्हापासून प्रत्येक फ्रेमचं वेगळं पीएनजी चित्र काढतो आणि नंतर जोडतो. लाईट गेली तर गेली, झालेली चित्रं हातात राहतात. शिवाय ईव्ही ही दुसरी पद्धत असल्या चेंडूला पुरेशी आहे आणि माझ्या लॅपटॉपवर कितीतरी पट झटपट होते.

जूनमध्ये वर्गात पडदे ओढले आणि दाखवलं. तीन सेकंदांत संपलं. पोरं म्हणाली, पुन्हा. चार-पाच वेळा दाखवल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्यो रबरी हाय का लेदरचा?"

रबरी, मी म्हणालो.

"मग लेदरचा करा की."

०.६ बदलावं लागेल, दबणंही जवळजवळ काढावं लागेल. लेदरचा चेंडू शाळेच्या स्टोअरमध्ये आहे, आणि किल्ली पीटीच्या सरांकडे. ते सोमवारी येतात.